नाशिकहून स्कूबा: पोहणं घरी, डाइव्ह समुद्रात, घाट दुसऱ्या दिवशी

स्कूबाचा, म्हणजे पाठीवर हवेचं सिलिंडर बांधून पाण्याखाली उतरण्याचा, बेत आखताना नाशिककराने आधी परतीचं तिकीट बघावं. मुंबईकर किंवा मालवणकर पाण्यातून बाहेर येतो आणि समुद्रसपाटीवरच घरी जातो. आपलं शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५८० मीटर उंच आहे, आणि कोकणातून कुठूनही या, घाट चढल्याशिवाय घर येत नाही. मुंबई-गोवा महामार्गाने आलात तर शेवटी कसारा लागतो. सावंतवाडीहून वर आलात तर आंबोली, जिथे उंची ६९० मीटरच्या आसपास जाते, आणि पुढे साताऱ्याकडचा पठारी भाग त्याहूनही उंच.

यात अडचण नायट्रोजनची. पाण्याखाली दाब वाढतो. त्या दाबाखाली आपण हवा घेतो आणि तिच्यातला नायट्रोजन रक्तात आणि स्नायूंत विरघळतो. वर आल्यावर तो काही तासांत श्वासावाटे हळूहळू निघून जातो. तो निघून जायच्या आत तुम्ही विमानात बसलात किंवा घाट चढलात, तर बाहेरचा दाब कमी होतो आणि सोड्याच्या बाटलीचं बूच काढल्यावर होतं ते शरीरात होऊ शकतं. सांधे दुखतात, हातापायांना मुंग्या येतात, अंगावर चट्टे उठतात, चक्कर येते, कधी लकवाही मारतो. डायव्हर लोक याला ‘बेंड्स’ म्हणतात.

नियम असा: एकच डाइव्ह, म्हणजे पाण्याखालची एक फेरी, केली असेल तर किमान १२ तास विमान नाही. एकाहून जास्त केल्या किंवा सलग काही दिवस केल्या तर किमान १८ तास. चोवीस तास थांबलात तर उत्तमच. हा सल्ला ६०० मीटरच्या वरच्या हवेला धरून दिलेला आहे, आणि नाशिक बरोबर त्या काठावर बसलंय. म्हणून घाट चढून घरी यायचं असेल तर विमानाचाच नियम स्वतःला लावून घ्या. चार-पाच मीटरवर पंधरा मिनिटं जाऊन आलात तर धोका अगदी थोडा, हे खरं. पण सुट्टीत एक डाइव्ह झाली की दुसरीचा मोह होतो, आणि तो झाल्यावर बस चुकवायला कुणी तयार नसतं.

आपल्याकडचा नेहमीचा बेत म्हणजे शुक्रवारी रात्री बस, शनिवारी किल्ला, रविवारी सकाळी स्कूबा, दुपारी सुरमई थाळी, संध्याकाळी परतीची बस. तो उलटा करा. पाण्यात शनिवारी सकाळी उतरा. दुपारी एकपर्यंत दोन डाइव्ह संपल्या तर रविवारी सकाळी सातला १८ तास भरतात. मग सिंधुदुर्ग किल्ला रविवारी, थाळी त्यानंतर, आणि मग खुशाल घाट.

पोहायला येतं का, हे आधी ठरवा

‘पोहता येत नसलं तरी चालेल’ ही पाटी मालवणपासून गोव्यापर्यंत सगळीकडे दिसते. एका दृष्टीने ती खोटी नाही. अनुभव म्हणून जी पहिली डाइव्ह देतात, तिच्यात प्रशिक्षक तुम्हाला पूर्ण वेळ धरून असतो. पण न पोहणारा माणूस पाण्याखाली घाबरला की त्याचं सगळं लक्ष वर जाण्याकडे लागतं, आणि स्कूबात घाईने वर जाणं हीच सर्वांत मोठी चूक. पोहणाऱ्याला पाणी नाकातोंडात गेलं तरी फार काही वाटत नाही. मी तरी सांगेन, दोन महिने आधी तलाव लावा.

त्र्यंबक रोडचा स्वातंत्र्यवीर सावरकर जलतरण तलाव किंवा नाशिकरोडचा राजमाता जिजाऊ तलाव, जो जवळ पडेल तो. ध्येय साधं आहे: न थांबता २०० मीटर पोहणं आणि १० मिनिटं पाण्यावर तरंगून राहणं. वेगाची अट नाही. पुढे सर्टिफिकेटचा कोर्स करायचा ठरला तर याच दोन परीक्षा द्याव्या लागतात.

निफाड-दिंडोरीकडे मळ्यातल्या विहिरीत किंवा लहानपणी गोदावरीत पोहायला शिकलेली मंडळी इथे पुढे असतात, पण त्यांना एक सवय सोडावी लागते. बुडी मारली की दम धरून ठेवायची. पाण्याखाली किती वेळ राहतो याची पैज लावत आपण वाढलो. स्कूबात दम धरायचा नाही, कधीच नाही. त्याचं कारण खाली आलंय. आत्ता तलावावर एवढंच करा: चेहरा पाण्यात, तोंडात स्नॉर्केल (श्वास घ्यायची नळी), आणि सलग पाच मिनिटं संथ श्वास. त्याचा कंटाळा यायला लागला की तुम्ही तयार झालात असं समजा.

अनुभव घ्यायचा की कोर्स करायचा

बाजारात दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाने विकल्या जातात. पहिली म्हणजे अनुभवाची डाइव्ह. थोडी माहिती, उथळ पाण्यात थोडा सराव, मग प्रशिक्षकाबरोबर खाली. पाडी या स्कूबा शिकवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नियमाप्रमाणे यात कमाल खोली १२ मीटर आणि वय किमान १० वर्षं. मालवणला प्रत्यक्षात तीन ते सहा मीटरवर दहा-पंधरा मिनिटं मिळतात, सोबत व्हिडिओ. मासे दिसतात, फोटो येतात, पण डाइव्ह करायला तुम्ही शिकत नाही.

दुसरी म्हणजे ओपन वॉटर कोर्स. पाडी, एसएसआय अशा संस्थांचं कार्ड मिळतं, ते जगभर चालतं आणि त्यावर १८ मीटरपर्यंत जोडीदाराबरोबर उतरता येतं. अभ्यास, तलावातला सराव आणि समुद्रात चार डाइव्ह असा तो असतो. साधारण तीन-चार दिवस लागतात. अंदमानात आजवर तो २५ ते ३५ हजार रुपयांच्या घरात पाहिलाय. भाव हंगामाप्रमाणे हलतात.

पोहता येत असेल आणि हातात चार दिवस असतील तर अनुभवाच्या डाइव्हवर पैसे घालवू नका, थेट कोर्स करा. घाबरणाऱ्याने मात्र आधी अनुभवाची डाइव्ह घ्यावी, त्यात कमीपणा नाही.

नाशिकमध्ये समुद्र नाही म्हणून कोर्सचा सगळा वेळ बेटावर घालवायची गरज नाही. अभ्यास ऑनलाइन होतो. तो घरी, रात्री जेवण झाल्यावर आठवडाभरात उरकतो. बेटावर जाऊन संध्याकाळी समुद्रासमोर बसून प्रश्नपत्रिका सोडवणारे लोक बघून फार वाईट वाटतं. तलावातला भाग पुण्या-मुंबईच्या एखाद्या केंद्रात शनिवार-रविवार करून ‘रेफरल’ चा, म्हणजे एवढा भाग झाल्याचा, कागद घेता येतो. तो वर्षभर चालतो, आणि समुद्रातल्या चार डाइव्ह मग सुट्टीच्या ठिकाणी होतात.

गंगापूर धरणात सराव करू का, हा प्रश्न हमखास येतो. नको. पाणी गढूळ, आणि समुद्रसपाटीपासून ३०० मीटरहून उंचावरच्या पाण्यात डाइव्ह करायची तर हिशेब वेगळे लागतात. नवशिक्याचं ते काम नाही.

डॉक्टर, कान आणि खरं सांगणं

कुठलंही धड केंद्र तुम्हाला आरोग्याची प्रश्नावली देतं. दमा, फिट, हृदयविकार, कानाची किंवा छातीची शस्त्रक्रिया, मधुमेह, गरोदरपण, जुना सायनस. एकाही ठिकाणी ‘हो’ असेल तर डॉक्टरांची सही लागते. ही सही बेटावर शोधत बसण्यापेक्षा नाशिकमध्येच घेऊन जा. लोक ‘नाही, नाही, नाही’ अशा खुणा करून मोकळे होतात, कारण पैसे भरलेले असतात. गरोदर असाल तर डाइव्ह नाहीच. दम्याला डॉक्टर काय म्हणतात ते महत्त्वाचं, दुकानदार काय म्हणतो ते नाही.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे एकदा जाऊन या. मळ साचलेला असेल तर तो तेच काढतील, बड घालू नका. सर्दी झाली असेल त्या दिवशी डाइव्ह रद्द. नाक मोकळं करायचं औषध मारून उतरणारे असतात. औषधाचा असर पाण्याखालीच संपला तर वर येताना हवा सायनसमध्ये अडकते, आणि ते दुखणं विसरता येत नाही.

कुठे आणि कधी

तारकर्ली-मालवण आपल्याला सर्वांत सोयीचं. नाशिकरोडहून मंगला एक्सप्रेस थेट कोकण रेल्वेला लागते. सिंधुदुर्गातला थांबा तिकीट काढताना बघून घ्या, नाहीतर पनवेलला गाडी बदलून कुडाळ गाठा. तारकर्लीला एमटीडीसीचं, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाचं, स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे सरावासाठी खोल तलावही आहे. पावसाळ्यात किनारपट्टीवरचे जलक्रीडेचे प्रकार बंद असतात. दिवाळीत समुद्र नुकताच शांत होत असतो, पाणी बऱ्याचदा धूसर. डिसेंबर ते फेब्रुवारी बरा. इथल्या पाण्यात लांबवर दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका.

कर्नाटकात मुरुडेश्वरसमोरचं नेत्राणी बेट मालवणपेक्षा पाण्याने सरस, पण किनाऱ्यापासून सुमारे १९ किलोमीटर होडीचा प्रवास. होडी लागणाऱ्यांनी उलटीची गोळी आदल्या रात्री आणि निघायच्या आधी घ्यावी. मात्र ती गुंगी आणते का, हे घरी एखाद्या सुट्टीच्या दिवशी घेऊन बघा.

कोर्ससाठी माझं मत अंदमानला, स्वराज द्वीप म्हणजे जुन्या हॅवलॉकला. पाणी २७ ते ३० अंशांच्या आसपास, स्वच्छ, डिसेंबर ते एप्रिल उत्तम. मुंबईहून विमानाने श्री विजयपुरम, म्हणजे कालपरवापर्यंतचं पोर्ट ब्लेअर, आणि तिथून फेरी. इथे १८ तासांचा नियम आपोआप पाळला जातो, कारण शेवटचा दिवस सेल्युलर जेलसाठी लागतोच. १९०९च्या जॅक्सन प्रकरणानंतर, म्हणजे नाशिकच्या कलेक्टरच्या खुनानंतर, सावरकर १९११ मध्ये तिथे पोहोचले. सावरकरांच्या भगूरच्या शेजारचा माणूस ते न बघता परत येणार नाही. पाण्यात उतरणं आधी, जेल शेवटी.

मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत परदेशी जायचं असेल तर थायलंडचं को ताओ किंवा बाली बघा. को ताओ कोर्ससाठी प्रसिद्ध आहे, स्वस्तही. बालीत तुलांबेनला लिबर्टी नावाचं बुडालेलं जहाज किनाऱ्यावरूनच गाठता येतं, होडी लागत नाही.

केंद्राला काय विचारायचं

भाव शेवटी विचारा. आधी विचारा: एका प्रशिक्षकामागे किती जण? अनुभवाच्या डाइव्हला एकास एक असावा. प्रशिक्षकाचं कार्ड कुठल्या संस्थेचं, आणि ते दाखवतील का? होडीवर ऑक्सिजन सिलिंडर आहे का? जवळचा रिकम्प्रेशन चेंबर, म्हणजे बेंड्स झाल्यावर दाबाखाली उपचार करतात ती बंद खोली, कुठे? प्रश्नावली न देता, उथळ पाण्यात सराव न करता थेट खाली नेतो म्हणणाऱ्याकडून पाठ फिरवा. दहा वर्षांखालच्या मुलाला ‘काही होत नाही, पाठवा’ म्हणणाऱ्याकडूनही.

होडीकडे बघायला विसरू नका. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणाऱ्या पर्यटकांची होडी उलटली आणि दोघांचा जीव गेला. म्हणजे पाण्याखालून सुखरूप वर आल्यावर. लाइफ जॅकेट प्रत्येकाला हवं, अंगावर हवं, बाकाखाली नाही. माणसं जास्त वाटली तर चढू नका. ‘सगळे चाललेत’ हे कारण नव्हे.

आदल्या दिवशी

बारशा-लग्नाच्या पंगतीसारखं जेवू नका. सकाळी पोहे किंवा इडली ठीक, मिसळ परतल्यावर. तर्रीचा ढेकर तोंडात रेग्युलेटर (सिलिंडरची हवा देणारं यंत्र) असताना आला तर तुम्हाला माझी आठवण येईल. वाइन आपल्या गावची असली तरी आदल्या रात्री नको, पाण्याने शरीर भरलेलं पाहिजे. पाणी भरपूर प्या.

कपड्यांवरून संकोच वाटणाऱ्या बायकांसाठी: पूर्ण बाह्यांचा लायक्रा टॉप आणि लेगिंग चालतं, वर वेटसूट, म्हणजे अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख, येतो. केसांची घट्ट वेणी, बटा कपाळावर नकोत, डोळे-नाक झाकणाऱ्या मास्कच्या कडेखाली एक केस आला तरी पाणी गळतं. मिशी असेल तर नाकाखालची एक बारीक रेघ छाटा. चष्मा लागत असेल तर नंबरचा मास्क आधीच मागून ठेवा.

मास्क निवडताना पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेवा आणि नाकाने थोडी हवा आत ओढा. हात सोडल्यावरही चिकटून राहिला तर तो तुमचा. नाही राहिला तर दुसरा मागा. सगळ्या सामानात भाड्याऐवजी विकत काय घ्यावं असं कुणी विचारलं तर मी मास्क सांगेन, बाकी सगळं भाड्याने.

पाण्यात: कान, श्वास, मास्क

कसारा घाटात कान बंद होतात, आपण आवंढा गिळतो आणि ते उघडतात. पाण्यात हेच होतं, फक्त फार लवकर. हवेत काही शे मीटर उतरल्यावर जो फरक पडतो, तो पाण्यात पहिल्या अर्ध्या मीटरवर जाणवायला लागतो. दर दहा मीटरला एक वातावरणाचा दाब वाढतो. दहा मीटरवर तो पृष्ठभागाच्या दुप्पट. म्हणजे सर्वांत मोठी उडी पहिल्या दहा मीटरमध्येच असते, आणि नवशिक्याचा सगळा त्रासही तिथेच.

नाक चिमटीत धरा, तोंड बंद, हळू फुंका. कानात ‘टक’ होतं. हे दुखायच्या आधी करायचं, डोकं पाण्याखाली गेल्याबरोबर, आणि मग अर्ध्या-एक मीटरला पुन्हा. दुखलं तर जोर लावू नका. कानाकडे बोट दाखवा, एक मीटर वर या, पुन्हा करा. एक कान उघडतो आणि दुसरा हट्ट करतो तेव्हा हट्टी कान वर येईल अशी मान कलती करून बघा. तरीही नाही झालं तर त्या दिवसापुरतं थांबा. प्रशिक्षकाला घाई असेल, कानाच्या पडद्याला नसते.

श्वास. रेग्युलेटरमधून येणारी हवा कोरडी असते, घसा सुकतो, स्वतःच्या श्वासाचा आवाज मोठा वाटतो. पहिल्या मिनिटात छाती भरभर चालते. बाहेर सोडणं लांबवा, आत घेणं आपोआप शांत होतं. दम का धरायचा नाही ते आता. दहा मीटरवर भरलेली छाती घेऊन वर आलात तर ती हवा पृष्ठभागावर दुप्पट जागा मागते. फुप्फुसात तेवढी जागा नाही. दीड-दोन मीटर दम धरून वर येणंही फुप्फुस फाडायला पुरेसं असतं. श्वास चालू असेल तर जास्तीची हवा निघून जाते. वर यायचं ते मिनिटाला नऊ मीटरपेक्षा हळू, आणि पाच मीटरवर तीन मिनिटं थांबून.

मास्कमध्ये पाणी येणारच. त्याची भीती घालवायला उथळ पाण्यात गुडघ्यांवर बसून मुद्दाम पाणी आत घ्या. वरची कड किंचित सैल करा, पाणी डोळ्यांपर्यंत येऊ द्या. मिठाने डोळे चुरचुरतील. आता दोन बोटांनी मास्कची वरची कड कपाळावर दाबा, मान थोडी वर करा आणि नाकाने लांब श्वास सोडा. पाणी खालच्या कडेने निघून जातं. पहिल्यांदा नाकात थोडं जाईल, लोक तोंडातला रेग्युलेटर काढायला हात नेतात. नेऊ नका, तोंडाने श्वास चालूच आहे. हे तीनदा जमलं की अर्धी भीती गेली.

खुणा शिकताना एक ध्यानात ठेवा. अंगठा वर दाखवला की त्याचा अर्थ ‘मस्त’ नाही, ‘मला वर जायचंय’. फोटोग्राफरला खूश होऊन अंगठा दाखवणाऱ्याला प्रशिक्षक खरोखर वर घेऊन जातो. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ. काही बिघडलं तर पंजा आडवा धरून हलवायचा.

हवा किती पुरते, हा हिशेब सोपा आहे. नेहमीचं ११ लिटरचं सिलिंडर २०० बारला भरलेलं असतं (बार हे दाबाचं माप). ५० बार राखीव ठेवून १५० बार वापरायला, म्हणजे १६५० लिटर. शांत माणूस पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर घेतो, दहा मीटरवर त्याच्या दुप्पट. ४१ मिनिटं मिळतात. घाबरलेला २५ घेतो, त्याला ३३. म्हणून उरलेली हवा दाखवणाऱ्या काट्याकडे बघायची सवय पहिल्याच डाइव्हपासून लावून घ्या, प्रशिक्षक सोबत असला तरी.

प्रवाळाला हात लावायचा नाही. पाण्याखाली वस्तू साधारण एक तृतीयांशाने मोठ्या आणि प्रत्यक्षापेक्षा जवळ दिसतात, त्यामुळे अंतराचा अंदाज चुकतो आणि पाय नकळत लागतो. आणि लाल रंग काही मीटरवरच विझतो, मग रंगीत वाटलेलं प्रवाळ निळसर दिसलं म्हणून पैसे फुकट गेले असं समजू नका.

परतल्यावर

किती वाजता पाण्यातून बाहेर आलात ते मोबाइलमध्ये लिहून ठेवा, तास तिथून मोजायचे. त्या दिवशी गरम पाण्याने लांब आंघोळ, मालिश, जोराचा व्यायाम टाळा. कार्ड असेल तर लॉगबुकमध्ये, म्हणजे डाइव्हच्या नोंदवहीत, खोली, वेळ, सुरुवातीची आणि शेवटची हवा लिहा, पुढचं केंद्र तेच विचारतं.

घरी आल्यावर दिवसभरात सांधा विनाकारण दुखू लागला, मुंग्या आल्या, विचित्र थकवा आला तर झोपून बरं होईल म्हणून थांबू नका. दवाखान्यात जा आणि पहिलं वाक्य हेच सांगा की मी अमुक वाजता डाइव्ह करून आलोय. नाशिकच्या डॉक्टरांना समुद्रावरून आलेला पेशंट रोज दिसत नाही, तुम्ही सांगितलं नाही तर ते पाठीच्या दुखण्याची गोळी देतील. ऑक्सिजन मागा. प्रवास विमा काढला असेल तर त्यात स्कूबा धरलंय का आणि किती खोलीपर्यंत, हे निघायच्या आधी वाचलेलं असावं. बऱ्याच पॉलिसींमध्ये ते वगळलेलं असतं.

कार्ड काढल्यानंतर सहा महिने-वर्ष पाण्यात उतरला नसाल तर पुढच्या सुट्टीत आधी तलावात एक उजळणी मागून घ्या. तिचे थोडे पैसे पडतात, द्यावेत.